माशांच्या पायऱ्यांना टाकी

“धरणाच्या कडंला त्या पायऱ्या हायेत बघा, त्या कुण्या येड्यानं घोटल्यात वो?”

असं तिनं मला विचारलं. माझ्याच अंगणात बसून, माझ्याच बायकोचा पाटा पुढ्यात घेऊन, माझ्याच घरचा चहा पिऊन झाल्यावर! मी ओटीवर आरसा टांगून दाढी करत होतो. हात जागच्या जागी थांबला म्हणून गाल वाचला.

तो येडा मीच होतो. हरिश्चंद्र मांडवकर, गवंडी. पंचक्रोशीत मला हरी मिस्त्री म्हणतात. ओल्या गिलाव्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायचं आणि लोखंडी थापीनं घोटत राहायचं, खांदा भरून येईस्तोवर. मग जमीन अशी होते की बायकांनी वाकून कुंकू लावून घ्यावं. माझ्या जमिनीवर माशी बसली तर घसरेल, असं लोक म्हणायचे. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक माना डोलवायचे.

ही गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. गौरी-गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते. तेव्हा गौरीचं पुरण घरोघरी पाट्यावर वाटायचे. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण धरत नाही, नुसतं सरकतं. मग सणाआधी घाटावरून वडारणी यायच्या, ‘पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाळी देत. छिन्नी-हातोडीनं पाट्यावर बारीक टोचे मारून तो खरबरीत करायचा, त्याला टाकी लावणं म्हणतात. आता मिक्सर आले आणि ती हाळी गेली. तर ही त्यातलीच एक टाकीवाली. चाळिशीची असेल. कपाळभर कुंकू, हाताला घट्टे, आणि तोंडाला लगाम नाही.

माझी बायको मथुरा पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अगं बाय, तो येडा हा काय समोर बसलाय.”

मला वाटलं, आता ही जीभ चावेल. कसलं काय!

“मग बरंच झालं,” ती हातोडी न थांबवता म्हणाली. “ज्याचं त्याला सांगितलेलं बरं. मिस्तरी, तुमच्या पायऱ्यांवरनं मासा चढंना झालाय.”

झोंबलं मला ते. कारण अख्ख्या गावात याच गोष्टीची चर्चा चालू होती, आणि मी सोडून बाकी सगळ्यांना दोष देऊन झाला होता.

आमची जांभळी नदी इथून दोन कोसांवर खाडीला मिळते. नदीतली सापासारखी लांब वाम आणि झिंगे, दोघांचा जन्म खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यात त्यांची पिल्लं गोड्या पाण्याकडे चढतात, वरच्या डोहांत येऊन मोठी होतात. वरच्या अंगाला भोईवाडी, सतरा घरं. त्यांचं सगळं आयुष्य त्या चढणाऱ्या माशांवर. मग मध्ये धरणाची भिंत आली. मोठी नव्हे, दोन पुरुष उंच. पण सुईएवढ्या पिल्लाला ती आभाळाएवढीच. पहिल्या वर्षी भोयांची जाळी हलकी आली. दुसऱ्या वर्षी जाळ्यात पालापाचोळा. सात घरं कुलपं लावून वीटभट्टीवर गेली, ती पावसाळ्यातसुद्धा परत आली नाहीत.

तुळाजी भोई माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं धरणखात्याच्या कचेरीत दोन वर्षं चपला झिजवल्या, तेव्हा साहेबांनी भिंतीच्या कडेनं माशांसाठी पायऱ्या मंजूर केल्या. हातभर रुंदीची चरी, त्यात उतरत्या पायऱ्या, वरून पाण्याची बारीक धार. काम माझ्याकडे आलं. मी ते देवळाच्या कामासारखं केलं हो! खात्यानं नुसता गिलावा सांगितला होता. मी पदरचं सिमेंट घालून एकेक पायरी घोटली. का? तर चढणाऱ्या माशाच्या पोटाला खरचटू नये म्हणून. तुळाजीनं पायरीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “हरी, काय केलंयस रे! पाण्याला पण वाटेल इथंच बसावं.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही फुगलो.

आणि एकही मासा चढला नाही.

श्रावण माशाविना सरत आला. तुळाजी म्हणायचा, साहेबानं पाणी कमी सोडलंय. साहेब म्हणायचे, नदीत मासाच उरला नसेल. मी म्हणायचो, मासे माजलेत, एवढा राजरस्ता करून दिला तरी यांना पालखी पाहिजे. शेवटी साहेब सांगून गेले, “दसऱ्याच्या आधी येऊन बघतो. काही चढत नसेल तर पायऱ्यांचं तोंड बांधून टाकू, पाणी फुकट जातंय. मिस्त्री, बांधायला तुम्हीच या.” तुळाजीनं त्याच दिवशी ठरवलं, तोंड बांधलं की उरलेली दहा घरंही वीटभट्टीवर जाणार.

अशात ही बया माझ्या अंगणात बसून मला येडा म्हणत होती.

“बाई,” मी म्हटलं, “माशाच्या पोटाला लागू नये म्हणून मी ते घोटलंय. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मासं खाण्यापल्याड काय बी कळत न्हाई,” ती म्हणाली. “पर काल तितं बसून भाकर खाल्ली. सुईएवढी पिल्लं हायेत खाली, ढिगानं. पायरीवर चार बोटं चढत्यात आन् सरकत्यात. परत चढत्यात, परत सरकत्यात. ह्या पाट्यावरलं वाटणच जणू.”

“मला शिकवतेस? पाटे ठोकणारी तू!”

“व्हय. पाटंच ठोकते. म्हणून तर बघितल्या बघितल्या कळलं.”

“ऊठ माझ्या अंगणातून!”

मथुरा उंबऱ्यातून म्हणाली, “पाटा अर्धा झालाय. ती काय उठायची नाय. तुम्हाला राग आला असेल तर तुम्हीच जावा कुठंतरी.”

मी गेलो. अर्ध्या गालाला साबण तसाच. खांद्यावर पंचा टाकला आणि तरातरा थेट धरणावर. त्या बाईला खोटं पाडायचं आणि परत येऊन चार शब्द सुनवायचे, एवढंच डोक्यात होतं.

सगळ्यात खालच्या पायरीशी पालथा पडलो, नाक पाण्याला लागेल इतका. आधी काही दिसेना. मग पाण्यात दोन काळे ठिपके हलले. ते डोळे होते. डोळ्यांमागे काचेच्या काडीसारखं आरपार अंग. वामीचं पिल्लू! ते पाण्याबाहेर आलं, माझ्या घोटलेल्या पायरीला अंग चिकटवलं आणि वळवळत चढू लागलं. एक बोट, दोन बोटं, तीन. मग सर्रकन खाली. मी म्हटलं, एखादं असेल कमकुवत. तर त्याच्या मागे दुसरं, तिसरं, आणि कडेला तांदळाच्या कणीएवढी झिंग्यांची पिल्लं, पाय मारतायत, मारतायत, आणि धरायला कुठं काही नाही. सगळी घसरत होती आणि एकही थांबत नव्हतं. खाडीपासून दोन कोस चढून आलेली पोरं ती, आणि माझ्या कारागिरीपाशी येऊन अडली होती.

“चढ गं बाय,” मी मोठ्यानं म्हणालो. “चढ ना!”

ते परत घसरलं.

मग मला काय सुचलं कोण जाणे, खांद्यावरचा पंचा ओला केला आणि पायरीवर अंथरला. जाडाभरडा हातमागाचा पंचा. मी डोळ्यांची पापणी न हलवता बघत राहिलो. पिल्लू पंच्याच्या काठाशी आलं. सुताच्या गाठीत अंग अडकवलं. वळलं, थांबलं, परत वळलं. आणि बघता बघता पायरीच्या वर! मागून झिंगे, धाग्याला धागा धरत. एक पायरी पंच्याची, ती चढले. वरची माझी, तिच्याखाली गोळा होऊन बसले.

मी तिथंच बसून रडलो. बाप गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो, खोटं कशाला सांगू.

घरी परत जायला पाय होईनात. आणि मनात एक घाणेरडा विचार आला, तोही सांगून टाकतो. ही गोष्ट डोळ्यांनी बघितलेली मी आणि ती परकी बाई, दोघंच. बाई दोन दिवसांत पुढच्या गावाला जाणार. गप्प बसलो असतो तर दोष साहेबावर गेला असता, नाहीतर नदीवर. माझं नाव तसंच चकचकीत राहिलं असतं. धरणापासून भोईवाडीपर्यंतचा रस्ता मी या एका विचाराशी भांडत गेलो.

तुळाजी दारात बसून जाळी गुंडाळत होता. वीटभट्टीवर जाळ्यांचं काय काम, म्हणून माळ्यावर टाकायला.

“तुळ्या,” मी म्हटलं, “मासा माझ्यामुळे चढत नाय. मी पायऱ्या घोटल्या, त्यांना धरायला काही उरलं नाय. मी बघून आलो आत्ता.”

मी म्हटलं, आता जाळं फेकून मारतो. मारलं असतं तरी चाललं असतं.

“वाम कातळावर कशी चढते ते मी जन्मापासून बघतोय,” तो हळूच म्हणाला. “शेवाळ धरून, खडबड धरून. आणि तुझ्या पायरीवर हात फिरवून मीच वा वा केलं. मला कळायला नको होतं?” मग म्हणाला, “तुझ्या गालाला साबण कसला?”

दोघंही हसलो. हसता हसता त्यानं विचारलं, “हरी, होईल का रे काही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जाड छिन्नी आणि घण घेऊन पायरीवर बसलो. घातला घाव, तर टवकाच निघाला आणि पाणी खालून वाहायला लागलं. दुसरा घातला, चीर गेली. घोटणाऱ्याचा हात तो. खरबरीत करणं ही वेगळी विद्या आहे हे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं. असाच ठोकत राहिलो असतो तर पायऱ्यांचं खडीकरण झालं असतं.

टाकीवालीनं गावाबाहेर पिंपळाखाली पाल ठोकलं होतं. ती बोचकं बांधून निघायच्या तयारीत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“काय वो मिस्तरी, अजून भांडायचं ऱ्हायलंय का?”

“नाय,” मी म्हटलं. “तू म्हणालीस ते खरं आहे. मला टाकी मारता येत नाय. तू मारशील का?”

ती बोचक्यावर बसली. “गौरीपातुर सहा गावं करायची असत्यात मला. हेच दिस हायेत आमचं. येक गाव चुकलं की ते दुसरीला जातंय, आन् मग पुढल्या साली बी तिलाच.”

तिचं म्हणणं खरंच होतं. भोईवाडीचं मी काढलंच नाही, काढलं असतं तर दहा घरांचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर ठेवल्यासारखं झालं असतं. पण मागून तुळाजी आला होता, त्यानं सांगितलंच. सात घरं कशी गेली, दहा कशी जाणार, सगळं.

ती ऐकत होती. मग उठली आणि बोचकं सोडलं. “गाव सोडून जाणं म्या लई बघितलंय,” ती म्हणाली. “पाणी निम्म्यानं वळवा. आदी येक अंग करू, मग दुसरं. पिल्लं वाळायला नगंत.”

तीन दिवस ती त्या चरीत बसली. तुळाजीनं मातीच्या गोण्या लावून धार एका बाजूला वळवली, खालच्या पायऱ्यांवर ओलं गोणपाट टाकलं. ती वरून सुरुवात करून एकेक पायरी खाली येत होती. टक टक टक, एका लयीत, टोच्याला टोचा लागून, पण एकही टवका नाही. मी शेजारी बसून शिकलो.

“हातुडी मारायची न्हाई,” ती सांगायची. “पाडायची. तिचं वजन हाय ना, ते काम करतंय. तुमी सारखं जोर कशाला लावताय?”

जन्मभर जोरच लावला होता मी. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी मथुरा तिथंच भाकरी घेऊन यायची, तिघं-चौघं एकत्र जेवायचो. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना शेवटची पायरी झाली. तिनं माझा हात धरून पायरीवर ठेवला. आख्खा पंजा खरबरला. ज्या पायरीवर मी पंधरा दिवस घाम गाळला होता ती मेल्यासारखी दिसत होती, आणि तरी मला वाईट वाटलं नाही. चुकलेली गावं गाठायला ती तशीच निघून गेली. एखादं पिल्लू चढताना बघायलाही थांबली नाही.

आठवड्यानं, ऐन गौरी-विसर्जनाच्या दिवशी, वरच्या तोंडाशी तुळाजीला पहिलं वामीचं पिल्लू दिसलं. तो विसर्जनाच्या मिरवणुकीतून मला हाताला धरून ओढत घेऊन गेला. पायऱ्यांवर काळी रांग लागली होती. झिंग्यांची, वामींची. धारेच्या कडेकडेनं, टोच्यातून टोच्यात. तुळाजी गुडघ्यावर बसून “या, या, या” म्हणत होता, दारात पाहुणे आल्यासारखा.

साहेब ठरल्याप्रमाणे दसऱ्याआधी आले. चष्मा काढून, पुसून, परत लावून बघितलं. मग म्हणाले, “शाबास मिस्त्री! हे खडबडीत करायचं कसं काय सुचलं तुम्हाला? अहवालात तुमचं नाव घालतो.”

“साहेब, गुळगुळीत मी केलं होतं,” मी म्हटलं. “मासा अडवला तो मी. वाट केली ती दुसरीनं.”

“मग तिचं नाव सांगा.”

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. तीन दिवस मांडीला मांडी लावून बसलो, तिच्याकडून विद्या घेतली, आणि तिला नाव काय ते विचारलं नव्हतं! ए टाकीवाले, ए बाई, एवढंच. तुळाजीनंही मान खाली घातली.

“तिम्मव्वा,” माझ्याबरोबर आलेली मथुरा मागून म्हणाली. “पहिल्याच दिवशी विचारलं मी.”

पायऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. वीटभट्टीवर त्या वर्षी कुणी गेलं नाही.

पुढच्या वर्षी श्रावण संपता संपता ती हाळी ऐकू आली आणि मी अनवाणी रस्त्यावर धावलो. “तिम्मव्वा!” तिनं वळून बघितलं. बाईनं कपाळावर हात नेऊन हाक कुणाची ते निरखलं, कारण आमच्या गावात तिला नावानं हाक मारणारा पुरुष मी पहिलाच असणार.

“टाकी बोथट झाली असंल पायऱ्यांची,” ती म्हणाली. “पाण्यानं दर साली व्हनारच.”

“ते नंतर,” मी म्हटलं. “आधी चल.”

भोईवाडीत नुकतंच जाळं ओढून झालं होतं. वर्षापूर्वी तांदळाच्या कणीएवढे होते ते झिंगे वीतभर लांब झाले होते, निळ्या नांग्यांचे. अंगणात वाटे पडत होते. भोयांची रीत अशी की जितकी माणसं जाळ्याला लागली तितके वाटे, आणि एक वाटा जाळ्याचा, ज्यानं ते विणलं त्याला. तुळाजीनं माणसांचे नऊ वाटे घातले. जाळ्याचा घातला. मग परत वाकून प्रत्येक ढिगातून एकेक मोठा झिंगा उचलला आणि अकरावा ढीग केला.

“ह्यो कुणाचा?” तिम्मव्वानं विचारलं.

“टाकीचा,” तुळाजी म्हणाला. “तुझा. जाळं विणणाऱ्याइतकाच. दर वर्षी पडेल, तू आलीस तरी आणि नाय आलीस तरी. नाय आलीस तर हरीकडे ठेवू.”

“म्या कुटं पाण्यात उतरले?”

“आणि वर कुणी आणले?”

ती त्या ढिगापाशी उकिडवी बसली, पदर तोंडाला लावला. मी आजूबाजूला बघितलं तर अंगणातल्या सगळ्या भोयणींचे डोळे भरलेले. वीटभट्टीवर गेलेल्या सातांपैकी चार घरं तोवर परत आली होती, त्यांची पोरं कडेला उभी होती.

“हाळी द्यावी, दारात बसावं, मग कुणी घालंल ते घ्यावं,” ती शेवटी म्हणाली. “आईनं तसंच केलं, म्या बी तसंच. कुण्या गावानं माझा वाटा आदी काढून ठिवला आन् मग मला बलावलं, असं आजच झालं.”

मी तिथंच सगळ्यांसमोर तिच्या पायांवर हात ठेवले. ती मागे सरकायला बघत होती, मी सरकू दिलं नाही. मथुरा पुढे आली, तिम्मव्वाची पाटी घेतली आणि तो ढीग आपल्या हातानं पाटीत भरू लागली.